काठावर ठेवलेल्या वहाणा

पितृपक्षात पितर शोधायला जायचं, हे डोकं आमच्या ताईचं. "लग्नं नाही, मुंजी नाही, गाड्या रिकाम्या धावून राहिल्या. आणि ज्याले शोधाले तू चालला, तोही या पंधरवड्यात कुठंतरी जेवाले येतच असंन ना," ती म्हणाली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिच्या बोलण्यात खोट काढायची सवय मला लहानपणीच मोडावी लागली होती, त्यामुळे मी मुकाट्याने पिशवी भरली. आता परत येऊन आठ दिवस झालेत. डाव्या पायाच्या अंगठ्याला ताईने हळद लावून पट्टी बांधली आहे, तिचं कारण ओघात येईलच.

आधी शोधायचं कोणाला, ते सांगतो. मी वामन नगरे, राहणार भद्रावती, जिल्हा चंद्रपूर. छत्तीस वर्षं कोळसा खाणीत काढली आणि ओव्हरमन म्हणून निवृत्त झालो. ओव्हरमन म्हणजे जमिनीखाली माणसांना कामं वाटून देणारा आणि उरलेला वेळ छताकडे बघणारा माणूस. वडील खाणीत, आजोबा खाणीत, पणजोबा खाणीत. या सगळ्यांना खाणीत उतरवणारा मूळ पुरुष म्हणजे माझे खापरपणजोबा, राघूबाबा. वरोऱ्याची खाण नवी होती त्या काळात, एका मोठ्या दुष्काळात, मुकादमाच्या टोळीबरोबर ते नगरकडून चालत आले. हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाने आडनाव विचारलं असेल-नसेल, 'नगरे' लिहून मोकळा झाला. तेव्हापासून आम्ही नगरे. खरं आडनाव काय, गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, घरात कोणालाच ठाऊक नाही. लग्नपत्रिकेत कुलदैवताच्या जागी आम्ही गणपतीच छापतो. त्याची अजून तक्रार आलेली नाही.

राघूबाबांची गोष्ट आमच्या घरात एवढीच उरली होती. शेवगावच्या बाजाराला जवळ असं कुठलंसं त्यांचं गाव. ते आणि धाकटा भाऊ सखा मिळून शेतात विहीर खोदत होते. पाणी लागेना, घरात दाणा नाही, आई म्हातारी. बाजारात मुकादम खाणीसाठी माणसं गोळा करत होता. सांगून निघाले असते तर सखाही मागे लागला असता आणि आईजवळ कोणी उरलं नसतं. म्हणून राघूबाबा एका पहाटे न सांगता निघाले. दोघा भावांत वहाणांचा एकच जोड होता. तो त्यांनी अर्धवट विहिरीच्या काठावर सखासाठी ठेवला. सकाळी कामावर आला की वहाणा बघेल आणि समजेल, असा त्यांचा हिशोब. स्वतः अनवाणी वरोऱ्यापर्यंत आले. वर्षभराने एका माणसाबरोबर निरोप पाठवला, तर तो परत येऊन म्हणाला, घराला कडी आहे, आत कोणी नाही. त्यानंतर राघूबाबांनी गावाचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही.

त्या वहाणांची एक रीत मात्र आमच्याकडे चालू आहे. नवरदेव लग्नाला निघण्याआधी धाकट्या भावाला नव्या चपला देतो, आणि आई त्यातल्या डाव्या चपलेला लाल दोरा बांधते. लालच का आणि डाव्यालाच का, हे आमच्या आजीलाही माहीत नव्हतं. माझ्या लग्नात हे बघून सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. "लोक जावयाचे जोडे लपवते, आणि हे जावई स्वतःच वाटून राहिले," असं ते पुढे वीस वर्षं सांगत होते.

ताईला हवं होतं ते एवढंच. मूळ गावाचं नाव कळावं, आणि तिथल्या देवापुढे आमच्या घरचा एक नारळ फुटावा. तो नारळही तिने भद्रावतीहूनच पिशवीत घालून दिला होता, जणू नगरकडे नारळ मिळत नाहीत.

सावेडी

भद्रावती ते नगर हा प्रवास मी लिहीत नाही. ज्यांनी केला त्यांना तो माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना उगाच कशाला घाबरवू. नगरला सावेडीत माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी मनीषा राहते. तिच्या फ्लॅटवर उतरलो. भाद्रपदात आमच्याकडे घाम अंगाला चिकटून बसतो. इथे संध्याकाळी गच्चीवर असा वारा की मला खांद्यावर टॉवेल घ्यावा लागला. मनीषाची मुलं माझं 'करून राहिलो, जाऊन राहिलो' ऐकून आतल्या खोलीत नकला करत होती. मला ऐकू येत नाही असा त्यांचा समज होता.

मी भातावर वाढलेला माणूस. दोन जेवणांत भाताचं शीत नाही दिसलं तर मला घर सोडून आल्यासारखं वाटतं. मनीषाने पहिल्याच दिवशी हुलग्याची शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या करून लसणाच्या झणझणीत रसात शिजवायच्या आणि बाजरीच्या भाकरीशी खायच्या. पहिला घास घशात अडकला, दुसरा गेला, आणि चौथ्या भाकरीला मनीषा म्हणाली, "काका, उद्याही करीन, सगळी आजच नका संपवू."

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने मला जमिनीच्या जुन्या कागदांतल्या एका जाणकाराकडे नेलं. त्या गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आजोबा, गाव सांगा, गट काढून देतो. गट सांगा, मालक काढून देतो. नुसता राघू सांगितला तर मी फार तर पिंजरा काढून देईन." मलाही हसू आलं. राग धरावा असं ते काही बोलले नव्हते.

शेवगावचा बाजार

मग सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, निदान बाजार तरी बघून येऊ म्हणून एसटीने शेवगावला गेलो. काय शोधायचं हे ठाऊक नसलं की माणूस सगळंच बघत फिरतो. बाजरीची पोती बघितली, भुईमुगाच्या ओल्या शेंगा खाल्ल्या. आणि बैलाला चुकवायला म्हणून चिखलात उडी मारली तर उजव्या चपलेचा पट्टा तुटला. एका पायावर लंगडत समोरच्या दुकानात शिरलो.

दुकान रशीदभाईंचं. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. माझी चप्पल हातात घेऊन त्यांनी ती तिच्या लायकीप्रमाणे बघितली आणि शिवायला बसले. मी स्टुलावर. समोर कपाटाच्या वरच्या फळीवर कागदात अर्धवट गुंडाळलेला जाड चामड्याचा एक जोड होता. त्यातल्या डाव्या वहाणेच्या अंगठ्याजवळ लाल दोऱ्याचा टाका होता. उजव्याला नव्हता.

"तो जोड दाखवा बरं," मी म्हणालो.

"त्यो इकायचा न्हाई. सांगून केल्याला हाय. धोंडवाडीच्या नानांचा."

"डाव्याला लाल टाका कशाला?"

"ते आमाला काय म्हाईत? माज्या आज्यापासून आसंच चाललंय. दरसाल सर्वपित्रीला एक जोड, सात नंबर, डाव्याला लाल टाका. त्यांचा कुनी राघू म्हनून मानूस विहिरीत गाडला गेल्ता म्हनं, लई मागं. नाना त्या विहिरीवर जोड ठिवत्यात आन मंग कुना अनवानी मानसाला देऊन टाकत्यात." बोलता बोलता त्यांनी वर बघितलं आणि हातातली शिवायची आर थांबवली. "पाहुनं, साखर हाय का तुमाला? लिमलेटची गोळी देऊ?"

माझा चेहरा तसा झाला असणार. त्यांनी दिलेली गोळी मी निमूटपणे तोंडात टाकली. लाल दोरा आमचा, राघू आमचा, विहीर आमची. पण विहिरीत गाडला गेलेला माणूस आमचा नव्हता. आमचा राघू वरोऱ्याला खाटेवर गेला, चांगला म्हातारा होऊन. ताईला फोन करायला हात गेला आणि मागे घेतला. तिला आशा लावायची आणि मग मोडायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

जोड न्यायला नानांचा मुलगा बापू दुपारी येणार होता. मी थांबलो.

धोंडवाडी

बापू पन्नाशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. त्याने मला टेम्पोत पुढे बसवून घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी, मधूनच तूर, कणसाला आलेली बाजरी. भाद्रपदात हा मुलूख असा हिरवागार दिसतो की इथे उन्हाळ्यात टँकर येतो हे कोणी सांगितलं तर खोटं वाटावं. बापूने सांगितलं. मोसंबीची तीनशे झाडं त्याने लावली आहेत, दोन बोअर घेतल्या, दोन्ही कोरड्या. जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या तीनदा आणला आणि तिन्ही वेळा तो एकाच जागी जाऊन उभा राहिला. राघूच्या विहिरीवर.

"तितंच पानी हाय. पर नाना फावडं लावू देत न्हाईत. आत मानूस हाय म्हनत्यात."

तेव्हा मी त्याला माझं सांगितलं. वरोरा, खाण, वहाणा, सखा. त्याने टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"हे नानांना तुमीच सांगा," तो म्हणाला. "मी सांगितलं तर इस्वास न्हाई ठिवायचे."

वाटेतच त्याने विहीर दाखवली. विहीर म्हणजे कपाशीच्या मधोमध गवताचा एक गोल तुकडा, जरा खचलेला, एका कडेला लिंबाचं झाड. त्याच्याभोवती नांगराच्या सऱ्या वळसा घालून गेलेल्या. पाच पिढ्यांत त्या गोलात कोणी नांगर घातला नव्हता.

घर स्लॅबचं, पुढे ओटा. बापूची बायको सुनंदा हिने पाणी दिलं, दाट दुधाचा चहा दिला, आणि मी चहा बशीत न ओतता पितो याची नोंद घेतली. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. ऐंशीचे, ताठ, पांढरी टोपी, पाय उघडे. पितृपक्षाचा पंधरवडाभर ते पायात काही घालत नाहीत, असं मागून कळलं. मी सगळं सांगत गेलो. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. मी थांबल्यावर म्हणाले, "बापूनं आनलं व्हय तुमाला?"

"टेम्पोतून आणलं. पण आलो मी माझा."

"किती शिकवलं त्यानं?"

मला आधी समजलंच नाही. सुनंदा दारात खाली मान घालून उभी होती. बापू उठून गोठ्याकडे निघून गेला. मग उजेड पडला. विहीर उकरायला मोकळीक मिळावी म्हणून मुलाने एक पाहुणा पढवून आणलाय, असं नानांना वाटत होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं.

"मला माज्या बापानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं," नाना म्हणाले. "आत मानूस हाय. त्याच्या हाडांवर बादली सोडायची न्हाई. पान्यापायी मी पोराचं तोंड वाकडं करून घेतलं, सुनेला डोक्यावर हंडं वाहायला लावलं, पर त्या जागंला फावडं लावू दिलं न्हाई. आन तुमी म्हनता, त्यो तितं नव्हताच."

राघूबाबांचा खाणीतला पितळी बिल्ला मी बरोबर नेला होता. तो दिला. नानांनी उलटसुलट करून परत दिला. "ह्याच्यावर आकडा हाय. नाव कुटं हाय?" लाल दोऱ्याचं सांगितलं. "त्यो तर तुमी रशीदच्या दुकानात बघितला." दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. खरं सांगायचं तर मीच डगमगलो. आपल्याला गाव हवंय म्हणून आपण ओढूनताणून जुळवत तर नाही ना, आणि आपल्या भरवशावर हे लोक उद्या खरंच कोणाची हाडं उकरतील का, हा विचार मला सोडेना. छताखाली उभं राहून 'चला, सुरक्षित आहे' असं म्हणायची जबाबदारी मी जन्मभर घेतली होती, पण तिथे निदान छत ठोकून बघता यायचं.

"नाना, माझी बहीण आहे भद्रावतीला," मी म्हणालो. "तिला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मी बोलत नाही. तुम्हीच विचारा."

फोन लावून स्पीकर चालू केला आणि खाटेवर ठेवला. पलीकडून आधी माझा उद्धार झाला. दोन दिवस झाले, फोन नाही, जेवला की नाही, नारळ फोडला की नासवला. नानांनी ते संपू दिलं.

"बाई, मी शेवगावकडनं बोलतोय. एक इचारू का? तुमच्यात नवरदेव लग्नाला निघताना काय करतो?"

"कोण बोलून राहिले जी तुम्ही?"

"आदी सांगा."

"काय करते म्हणजे? देवाच्या पाया पडते. धाकट्या भावाले चपला देते. नव्या."

"तशाच देत्यात?"

"तशा कशा देतीन? नवरदेवाची माय दोरा बांधते ना. लाल."

"दोनी पायाला?"

"नाही जी. डाव्या. उजव्याले कोण बांधते?"

"डाव्यालाच का?"

"ते मले नाही माहीत. माझ्या आजीलेही माहीत नव्हतं. रीत हाय, म्हणून बांधतो. वामन कुठं हाय? बरा हाय ना तो?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कारन सांगितलं आसतं तर मी मानलं नसतं. शिकवल्याला मानूस कारन सांगतो."

आणि मग कारण त्यांनी सांगितलं. डावी वहाण अंगठ्यापाशी तुटली होती. पोळा नुकताच झाला होता. बैलाच्या गोंड्यातला लाल दोरा काढून राघूनेच ती शिवली होती. त्या सकाळी सखा विहिरीवर आला तर विहिरीची एक बाजू आत ढासळलेली, आणि काठावर त्याच वहाणा. इकडे विहिरीत उतरणारा माणूस वहाणा काठावर काढून ठेवतो. काठावर वहाणा म्हणजे माणूस आत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. राघूने वहाणा भावाच्या पायांसाठी ठेवल्या, आणि भावाने त्यातून राघू मेला असं ओळखलं.

"चार दिस उकरत हुता सखा," नाना म्हणाले. "वरनं आनखी ढासळायची. मंग आईनंच हात धरला. म्हनली, एक गेला, आता दुसरा न्हाई देत. तिला घिऊन त्यो गोदावरीच्या काठाला मामाच्या गावाला गेला. दोन वर्सांनी आला."

"तेव्हाच आमचा निरोप आला असेल," मी म्हणालो. "घराला कडी होती."

नानांनी नुसती मान हलवली. फोन चालूच होता. ताईने हे सगळं ऐकलं होतं. "ताई, गाव सापडलं. धोंडवाडी," मी म्हणालो. माझ्या आठवणीत ताई पहिल्यांदाच गप्प राहिली, आणि ती रडते आहे हे कळल्यावर मीही रडलो. चौसष्टाव्या वर्षी परक्या ओट्यावर बसून रडताना मला अजिबात लाज वाटली नाही. तसा तो परका राहिलाही नव्हता.

"मेला कसा त्यो?" नानांनी विचारलं.

"अंथरुणात. म्हातारा होऊन, नातवंडं बघून. शेवटी खोकला होता. माझे आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे, ते उशाशी होते."

"पानी पाजलं का कुनी?"

"आजोबांनीच पाजलं. तांब्यातून, चमच्याने. ते आम्हाला नेहमी सांगायचे, दोन चमचे प्यायले आणि तिसऱ्याला नको म्हणाले."

नाना डोळे मिटून बसले. "आमी समजत हुतो, तोंडात माती घिऊन गेला," ते म्हणाले. मग आवाज चढवून हाक दिली, "सुनंदा, भाकरी टाक. थोरल्या घरचा मानूस आलाय."

नात्याने नाना माझे चुलते निघाले आणि बापू चुलतभाऊ. आडनाव निघालं काळे. म्हणजे कोळशात उतरायच्या आधीपासूनच आम्ही काळे होतो, यावर बापू त्या दिवसात पहिल्यांदा हसला. कुलदैवत खंडोबा. आणि देवघरात खंडोबाच्या शेजारी चांदीचा एक छोटा टाक होता, तो राघूचा. वरोऱ्याच्या चाळीत आमचे खापरपणजोबा बिड्या ओढत बसले असतील, तेव्हा इकडे त्यांना रोज हळदकुंकू वाहिलं जात होतं. ताईचा नारळ मी तिथेच फोडला. खोबरं गोड निघालं, हे तिला लगेच फोन करून कळवलं.

अमावास्या

सकाळपासून घर घमघमत होतं. आमच्याकडे या दिवशी वडा-भात आणि कढी झाली की पितर तृप्त समजायचे. सुनंदाने भोपळा, गवार, अळूचं पातळ, कढी, वडे, तांदळाची खीर असा थाट मांडला होता, आणि माझ्यासाठी वेगळा भात लावला होता. "भाऊजी, नगरच्या मानसाला भात लागतो हे पैल्यांदाच बघतीया," ती म्हणाली. मी दोनदा घेतला.

नैवेद्याची पानं वाढून झाल्यावर नाना अडले. दरवर्षी सखाचं पान छपरावर आणि राघूचं विहिरीवर. "आता ह्याचं कुटं ठिवायचं?" त्यांनी मला विचारलं, खरोखर न कळून. मी म्हणालो, ताईने तिकडे भद्रावतीला ठेवलंय. "मंग हितं नगं," नाना म्हणाले. "येका मानसानं दोन ठिकानी जेवू न्हाई." ते पान गाईला गेलं.

विहिरीवर मात्र आम्ही सगळे गेलो. नाना पुढे, अनवाणी, हातात वहाणांचा जोड. मी लिंबाखाली बसून जागा नीट बघितली. वर काळी माती, खाली पोचट मुरूम, एका अंगाला पक्का दगड. मुरमाच्या बाजूला चार टेके लावले असते तर ती ढासळलीच नसती. वरोऱ्यात राघूबाबांना विहिरी खोदलेला माणूस म्हणून नवी खाण खोल करायच्या कामावर घेतलं होतं, आणि टेका लावल्याशिवाय ते कोणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत, असं आजोबा सांगायचे. ते मी बापूला सांगितलं, आणि माती काढत जाताना बांधकाम वरून खाली कसं उतरवत न्यायचं यावर निवृत्त ओव्हरमनला शोभेल इतकं लांब भाषण दिलं. बापूने ते सगळं ऐकून घेतलं. पण त्याचं लक्ष नानांकडे होतं.

नाना गवताच्या त्या गोलाच्या कडेला उभे होते. आजवर त्यांनी त्यात पाय ठेवलेला नव्हता. त्यांनी एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि मधोमध जाऊन उभे राहिले.

"बापू," ते म्हणाले, "दसऱ्याला नारळ फोड. काढ माती."

बापू खाली बसला आणि पायापाशी असलेलं गवत उपटायला लागला. दसऱ्याला अजून वेळ होता, पण त्याला थांबवायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

दुपारी मी निघालो. बापू टेम्पो काढत होता. मी रशीदभाईंनी शिवलेल्या चपला घातल्या, तर नाना म्हणाले, "काढा त्या."

मी काढल्या. त्यांनी लाल टाक्याचा तो जोड माझ्यासमोर खाली ठेवला. मी मध्ये हात घालायला गेलो, तर त्यांनी हात बाजूला केला. ऐंशी वर्षांच्या माणसाने वाकून दोन्ही वहाणा जुळवल्या आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे केली.

"अनवानी मानसाला द्यायच्या आसत्यात," ते म्हणाले. "हितनं त्योच अनवानी गेल्ता. दरसाल दुसऱ्याच कुनाला तरी दिल्या आमी."

मी वहाणांत पाय घातले. सात नंबर. माझा पाय आठचा. टाच मागे बाहेर राहिली आणि डावा अंगठा लाल टाक्यात कचकन रुतला. टेम्पोपर्यंत वीस पावलं असतील. मी ती सरळ चाललो. मागून नानांचा आवाज आला.

"व्हत्यात का रे बरोबर?"

"बरोबर होतात," मी म्हणालो.